आजोबांच्या पुस्तकातली कप्तानाची चिठ्ठी: पन्नाशीच्या दशकातला विमानप्रवास

वळचण (धागाकर्ती), शनिवार, सकाळी १०:१५

मंडळी, परवा आजोबांची पुस्तकं उन्हात घालायला काढली होती. लॉगॅरिदमच्या तक्त्यांचं एक पुस्तक झटकलं, तर त्यातून पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा, जाडसर कागद खाली पडला. वर विमानाचं छोटं चित्र, खाली छापील रकाने आणि रकान्यांत निळ्या शाईनं भरलेला मजकूर. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत देते:

उंची: १७,००० फूट. वेग: ताशी २७० मैल. बाहेरचं तापमान: उणे १६. आपण कुठे आहोत: उजव्या हाताला क्रीट बेट. पुढचा थांबा: रोम. तारीख १९५४ च्या ऑक्टोबरची. तळाशी कप्तानाची सही, आणि सहीखाली बारीक अक्षरात छापलेलं: 'वाचून झाल्यावर कृपया पुढच्या प्रवाशाकडे द्यावे.'

'क्रीट' लिहिताना पेन अडखळलंय, शाईचा बारीक ठिपका पडलाय. बहुधा विमानाला तेव्हाच हादरा बसला असावा. कडेला अंगठ्याचा पुसट डाग आहे. आजोबांचा की त्यांच्या आधी ज्यांच्या हातात कार्ड होतं त्यांचा, कोण जाणे.

मी कार्ड हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. आज माझ्यासमोरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यावर छोटं विमान सरकत असतं, आकडे सेकंदासेकंदाला बदलतात. पण कप्तानानं स्वतः लिहून पाठवलेला कागद रांगेरांगेतून हातोहात येतोय, आपण वाचतोय, खिडकीतून खाली बघतोय आणि खरंच तिथे क्रीट आहे, ही गोष्टच निराळी. मला त्या काळाचं वेड आहे ते यासाठी. चांदीचे काटेचमचे आणि झुळझुळीत गणवेश यांच्याबद्दल खूप लिहून झालंय. त्या लोकांना आपण कुठे चाललोय आणि किती लांब चाललोय हे अंगात जाणवायचं, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

त्या काळाबद्दल कुणाला काही माहीत असेल, घरात कुणी तेव्हा प्रवास केला असेल, तर जरूर लिहा.

पाऊलखूण, शनिवार, सकाळी १०:५०

किती सुंदर धागा! वाचनखूण साठवली. कार्डाचा फोटो टाका ना.

एक शंका. कार्डावरच 'पुढच्या प्रवाशाकडे द्या' असं छापलंय, मग ते आजोबांकडे कसं राहिलं?

वळचण, शनिवार, सकाळी ११:०५

हाच प्रश्न मलाही पडलाय. आजोबा अतिशय शिस्तीचे होते, दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा परत करायला जिना चढून जायचे. त्यांनी कार्ड ढापलं असेल हे मला पटतच नाही. फोटो संध्याकाळी टाकते.

दर्यावर्दी, शनिवार, दुपारी १२:३०

बोटीवर आयुष्य गेलं, त्यामुळे विमानांपैकी माझा जीव पाण्यावर उतरणाऱ्या विमानांवर जास्त. न्यूझीलंडच्या टील या कंपनीचा 'कोरल रूट' १९५१ मध्ये सुरू झाला. सोलेंट जातीची उडती बोट ऑकलंडहून निघायची आणि फिजी, सामोआ, ऐतुताकी करत ताहितीला पोहोचायची. ऐतुताकीला धावपट्टीचा प्रश्नच नव्हता, विमान सरळ खाजणाच्या निळ्या पाण्यावर उतरायचं. अकायामी नावाच्या चिमुकल्या बेटाजवळ इंधन भरायला थांबायचं. इंधन भरून होईपर्यंत प्रवासी काय करायचे? पोहायचे! अंग कोरडं करून परत आपापल्या जागेवर, आणि विमान पाणी कापत वर.

ही सेवा १९६० मध्ये बंद झाली. जेट विमानांना लांब पक्की धावपट्टी लागते, खाजणाचा त्यांना काय उपयोग.

आम्ही बोटीवर दररोज दुपारी जहाजाची जागा नकाशावर मांडायचो. वळचण, तुमच्या कार्डात मला तेच दिसलं. तेव्हाच्या लांब पल्ल्याच्या विमानांत दिशादर्शक अधिकारी वेगळा असे आणि तोसुद्धा आमच्यासारखाच सेक्स्टंट घेऊन ताऱ्यांवरून जागा काढायचा. विमानाच्या छतातल्या छोट्या घुमटातून किंवा झरोक्यातून तारा धरायचा, कोन मोजायचा, तक्ते उघडायचे. समुद्रावरून रात्री जाताना तेवढाच भरवसा. तुमचं कार्ड लॉगॅरिदमच्या पुस्तकात निघालं, हे वाचून तर अंगावर काटाच आला.

हिशेबनीस, शनिवार, दुपारी २:१०

धागा आवडला. पण हा थाट आला कुठून याचा हिशेबही मांडायला हवा, नाहीतर आपण समजू की तेव्हाच्या कंपन्या मनानं मोठ्या होत्या.

त्या काळी आंतरराष्ट्रीय मार्गांवरचं भाडं आयाटा या संघटनेत कंपन्या एकत्र बसून ठरवायच्या आणि सरकारं त्यावर शिक्का मारायची. एकाच मार्गावर, एकाच वर्गाचं भाडं सगळीकडे सारखं. अमेरिकेच्या आतल्या मार्गांवर १९३८ पासून सरकारी मंडळाचं नियंत्रण होतं. भाडं कमी करून गिऱ्हाईक ओढायला मनाई, मग ओढायचं कशानं? जेवणानं, आसनानं, गणवेशानं, विमानात बार काढून. तो थाट म्हणजे दर बांधलेल्या बाजारातली चढाओढ होती.

आयाटानं १ मे १९५२ पासून अटलांटिकवर 'टुरिस्ट' वर्ग आणला. १९५८ च्या एप्रिलपासून त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी' वर्ग आला आणि त्यात जेवण साधं असावं, फक्त सँडविच द्यावं, असा नियम झाला. मग स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीनं पावाच्या एकाच तुकड्यावर मासे, मांस, चीज अशी भरगच्च रचना करून 'हेच आमच्याकडचं सँडविच' म्हणून वाढायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमनं तक्रार केली. सँडविच म्हणजे नक्की काय, यावर आयाटामध्ये रीतसर सुनावणी झाली आणि एसएएसला दंड झाला. वर्तमानपत्रांनी याला 'सँडविच युद्ध' म्हटलं. दंड भरूनही एसएएसला फुकटात मिळालेली प्रसिद्धी पाहता मी याला नफ्याचा व्यवहार म्हणेन.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं देशांतर्गत भाड्यावरचं नियंत्रण उठलं. तिथून पुढे कंपन्या भाड्यावर लढू लागल्या आणि थाट गेला. ज्यांना पूर्वी विमान परवडतच नव्हतं ते लोक विमानात आले, ही याचीच दुसरी बाजू.

उंबरठा, शनिवार, दुपारी ३:००

हिशेबनीस यांच्याशी शंभर टक्के सहमत. पन्नाशीच्या दशकातल्या एका तिकिटात साध्या कुटुंबाचे कितीतरी महिने निघाले असते. माझी आई अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली, तीही तिकिटं स्वस्त झाली म्हणून. ठेवणीतली साडी नेसून आली होती. खिडकी मिळाली तेव्हापासून उतरेपर्यंत तिनं काचेवरचं कपाळ हलवलं नाही, काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ उमटलं होतं. आजूबाजूचे सगळे पडदे लावून झोपलेले. तिच्यासाठी ते विमान १९५४ चंच होतं.

त्यामुळे 'तेव्हाचं सगळं छान आणि आता नुसती एसटी झाली' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एसटी झाली म्हणून तर आई बसली.

वळचण, शनिवार, दुपारी ३:२०

उंबरठा, तुमच्या आईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझं म्हणणं नेमकं हेच आहे हो. मला हरवलेलं वाटतं ते काचेवरचं कपाळ.

इंजिनघर, शनिवार, सायंकाळी ६:४०

मी विमानाच्या देखभालीत उमेदीची सगळी वर्षं घालवली. १९७१ मध्ये हँगरमध्ये रुजू झालो तेव्हा मोठी पिस्टनची विमानं उतरणीला लागली होती, पण डकोटा विमानं होती आणि कॉन्स्टेलेशन विमानांवर काम केलेले बुजुर्ग होते. जे लिहितोय त्यातलं काही हातानं केलेलं, काही त्यांच्याकडून ऐकलेलं.

त्या काळातल्या थाटाच्या खाली काय खडखडाट होता ते आधी सांगतो. बोइंगचं स्ट्रॅटोक्रूझर घ्या. दोन मजली विमान, गोल जिना उतरून खाली गेलं की बसायला छोटा दिवाणखाना आणि बार. जाहिरातीत तो दिवाणखाना असायचा. इंजिनाचं चित्र जाहिरातीत कुणी टाकत नसे. एका इंजिनाला २८ सिलिंडर, सात-सातच्या चार ओळींत. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनाला ५६ आणि चार इंजिनांचे २२४. पुढच्या ओळीमागे दडलेल्या सिलिंडरांना गार हवा नीट पोहोचत नसे, तिथे हमखास कटकट. प्लग बदलायला घेतले की अख्खी रात्रपाळी त्यातच जायची.

सुपर कॉन्स्टेलेशनच्या राइट कंपनीच्या इंजिनात आणखी एक करामत होती. बाहेर जाणाऱ्या जळक्या वायूवर तीन छोटी टर्बाइनं फिरवायची आणि ती ताकद परत इंजिनाच्या मुख्य दांड्याला द्यायची. फुकटची अश्वशक्ती! पण ती टर्बाइनं इतकी तापायची आणि इतका त्रास द्यायची की एखादं इंजिन वाटेत बंद करून पंख्याची पाती वाऱ्याला समांतर करणं, ही नित्याची बाब झाली होती. त्यावरून कॉन्स्टेलेशनला 'जगातलं सगळ्यात उत्तम तीन इंजिनांचं विमान' म्हणायचे. होती चारच.

तरी सांगतो, तेवढं देखणं प्रवासी विमान मी दुसरं पाहिलं नाही. माशासारखी वळलेली पाठ, उंच नाजूक पाय आणि शेपटीला तीन पंख. तीन का? एकच मोठा पंख उभा केला असता तर तेव्हाच्या हँगरच्या दारातून विमान आत गेलं नसतं. म्हणून एकाऐवजी तीन बुटके. अडचणीतून निघालेली रचना, पण नजर हटत नाही.

पाऊलखूण, शनिवार, सायंकाळी ७:००

काका, असंच लिहीत राहा. मला तर तीन शेपट्या म्हणजे नुसती ऐट वाटायची!

रानजाई, शनिवार, रात्री ८:१५

सगळे प्रतिसाद वाचले. गणवेशांचा उल्लेख दोनदा झाला, त्या गणवेशाच्या आत कोण होतं याबद्दल मात्र अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

१९३० मध्ये एलन चर्च ही अमेरिकेतली पहिली विमानसेविका झाली. ती परिचारिका होती आणि तिला खरं तर विमान चालवायचं होतं. ते जमू देईनात, तेव्हा 'परिचारिका विमानात ठेवा, प्रवाशांना धीर येईल' ही कल्पना तिनंच कंपनीच्या गळी उतरवली. सुरुवातीला परिचारिकेचं शिक्षण ही अटच होती. पुढे पन्नाशीच्या दशकात काय अटी होत्या पाहा. लग्न केलं की नोकरी गेली. अमेरिकन एअरलाइन्सनं १९५३ मध्ये नियम केला की बत्तिसाव्या वर्षी विमानातलं काम बंद. वजनकाटा, उंची, कंबर, पोटावर घट्ट पट्टा घातलाय की नाही याची तपासणी. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर या बायकांनी तक्रारी नोंदवल्या, संघटना केल्या, खटले लढवले आणि एकेक अट मोडून काढली. लग्न झालेली, चाळिशीची, पन्नाशीची विमानसेविका आज आपल्याला सहज दिसते, ती त्यांच्यामुळे.

माझी मावशी या कामात होती. कंपनीचं नाव घेत नाही. साखरपुडा झाला हे तिनं आठ महिने लपवून ठेवलं होतं. अंगठी गळ्यातल्या साखळीत ओवून गणवेशाच्या आत ठेवायची. शेवटी कुणीतरी सांगितलं, आणि तिला एका ओळीचं पत्र आलं. ती साखळी अजून माझ्याकडे आहे. त्या काळाचे रंगीत फोटो बघताना मला पहिल्यांदा ती आठवते.

वळचण, शनिवार, रात्री ८:४०

रानजाई ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कार्ड रांगेरांगेतून फिरायचं असं मी लिहिलं, पण कॉकपिटमधून आणून ते पहिल्या रांगेत देणारं कुणीतरी होतं, हे माझ्या मनातच आलं नाही.

इंजिनघर, शनिवार, रात्री ९:१०

रानजाई यांच्या मुद्द्याला जोडून एक घटना सांगतो, हँगरमध्ये आम्हाला हटकून सांगितली जायची.

१६ ऑक्टोबर १९५६. पॅन अ‍ॅमचं स्ट्रॅटोक्रूझर होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं होतं. मध्यरात्रीनंतर, भर पॅसिफिकवर, एका इंजिनाचा पंखा आवरेना, मग दुसरं इंजिनही निकामी झालं. दोन्ही किनारे आवाक्याबाहेर. खाली अमेरिकी तटरक्षक दलाचं एक जहाज ठाण मांडून असायचं, कप्तान ऑग यांनी उजाडेपर्यंत त्याच्याभोवती घिरट्या घातल्या, इंधन जाळून विमान हलकं केलं आणि सकाळी जहाजाशेजारी समुद्रावर उतरवलं. ऑग यांना आठवत होतं की अशाच विमानाची शेपटी आधीच्या एका अपघातात पाण्यावर आपटून तुटली होती. म्हणून त्यांनी शेपटीकडचे प्रवासी आधीच पुढे बसवायला सांगितले होते. आणि शेपटी खरोखर तुटली. २४ प्रवासी आणि ७ कर्मचारी, सगळेच्या सगळे, ३१ जण वाचले.

आता विचार करा, त्या अंधाऱ्या तासांत प्रवाशांना जागा बदलायला लावणं, जॅकेटं चढवणं, लहान मुलांना शांत ठेवणं, हे कुणी केलं? ज्यांच्या कंबरेचं माप घेतलं जायचं त्यांनीच.

निळीशाई, रविवार, सकाळी ९:००

कॉमेटवर कुणीच लिहिलं नाही? जगातलं पहिलं प्रवासी जेट. २ मे १९५२ ला ब्रिटनच्या बीओएसी कंपनीनं लंडनहून जोहान्सबर्गला सुरू केलं, वाटेत रोम, बैरूत, खार्तूम, एंटेबे आणि लिव्हिंगस्टन. पिस्टनच्या थरथरीला सरावलेल्या प्रवाशांना त्यातली शांतता चमत्कार वाटायची, टेबलावर नाणं कडेवर उभं करून बघायचे.

आणि मग १० जानेवारी १९५४ ला एक विमान एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं आणि ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ. सगळी कॉमेट जमिनीवर आणली गेली. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संशोधन केंद्रात अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून, आत दाब भरून आणि सोडून, हजारो उड्डाणांचा ताण काही आठवड्यांत दिला. तेव्हा उलगडा झाला: दर उड्डाणाला सांगाडा फुगतो आणि आक्रसतो, खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी ताण साठतो, आणि एक दिवस तिथून पत्रा फाटत जातो. त्या शोधाचा फायदा पुढच्या सगळ्या कंपन्यांना झाला. ४ ऑक्टोबर १९५८ ला सुधारलेल्या कॉमेटनं अटलांटिक ओलांडला, पण २६ ऑक्टोबरला पॅन अ‍ॅमचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला उडालं आणि बाजार त्यानंच मारला.

वळचण, तुमच्या आजोबांचा प्रवास १९५४ च्या ऑक्टोबरमधला. म्हणजे घरच्यांनी वर्तमानपत्रात दोन कॉमेटच्या बातम्या वाचल्यानंतरचा. निरोप द्यायला आलेल्यांच्या मनात काय असेल?

वळचण, रविवार, सकाळी ९:३५

निळीशाई, आईला विचारलं. ती तेव्हा सात वर्षांची. तिला एवढंच आठवतं की आजीनं विमानतळावर एक शब्द काढला नाही आणि विमान दिसेनासं झाल्यावरही ती कठड्याला धरून उभी होती. आता कळतंय का ते.

दर्यावर्दी, रविवार, सकाळी १०:२०

त्या कठड्यांवरही लिहायला हवं. तेव्हा बहुतेक विमानतळांवर गच्ची असायची, सोडायला आलेले लोक वर उभं राहून थेट विमानाच्या शिडीपर्यंत आपलं माणूस बघायचे. माणूस शिडीच्या वरच्या पायरीवर वळायचा, हात हलवायचा. धक्क्यावरून बोट सुटताना असतं तसंच. अमेरिकेत १९६० च्या दशकाअखेर अपहरणांची लाट आली आणि जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. मग हळूहळू जगभर निरोप काचेच्या दाराअलीकडे आला. सुरक्षेसाठी ते गरजेचंच होतं. पण वरच्या पायरीवरून वळून बघणं गेलं, याची हळहळ मला कायमची.

घारीची_नजर, रविवार, सकाळी ११:४५

एअर इंडियाचं नाव अजून आलं नाही म्हणून. ८ जून १९४८, 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. ३५ प्रवाशांत स्वतः जेआरडी टाटा. कंपनीचं बोधचिन्ह असलेला महाराजा त्याच्या दोन वर्षं आधीच जन्मला होता, बॉबी कुका यांची कल्पना आणि उमेश राव यांची रेखा. १९६२ मध्ये कंपनीचा सगळा ताफा जेटचा झाला. आणि १९६७ मध्ये चित्रकार साल्वादोर दालीकडून राखदाणी घडवून घेतली, मोबदल्यात त्यानं हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीनं ते खरोखर विमानानं पाठवलं! राखदाणी तीच, कशी धराल त्यावर त्यातला हत्ती दिसतो किंवा हंस.

हीच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळली, ४८ जण गेले. पहिल्या उड्डाणाबद्दल लिहिताना हेही लिहावं असं मला वाटतं.

उंबरठा, रविवार, दुपारी १२:३०

मोबदल्यात हत्ती! आणि इथे सँडविचवरून खटला. काय काळ होता.

पाऊलखूण, रविवार, दुपारी १:००

फोटो बघितला. अक्षर काय देखणं आहे! पण माझा कालचा प्रश्न अजून तसाच. कार्ड आजोबांकडे का राहिलं?

इंजिनघर, रविवार, दुपारी ४:१५

पाऊलखूण, मला वाटतं याचं उत्तर आहे. कार्ड पुढच्या रांगेतून सुरू व्हायचं आणि मागे सरकत जायचं. शेवटच्या रांगेतल्या माणसानं ते द्यायचं कुणाला? विमानसेविका येऊन घेऊन जायची, पण ती कामात असेल तर ते तिथेच राहायचं. आणि जुनं कार्ड परत वापरता येत नाही, ते मागणार कोण? म्हणजे आजोबा शेवटच्या रांगेत बसले असणार. ढापलं नाही हो त्यांनी, पुढे द्यायला कुणी उरलंच नव्हतं.

आणि शेवटची रांग म्हणजे कमी दर्जाची असं समजू नका. पंख्याच्या विमानात सगळ्यात जास्त गोंगाट आणि थरथर पंख्यांच्या रेषेत, म्हणजे पुढे. मागे शेपटीकडे शांत. म्हणून त्या काळात कित्येक विमानांत पहिला वर्ग चक्क मागे असायचा! जेट आल्यावर गणित उलटलं आणि पहिला वर्ग नाकाकडे गेला.

वळचण, मागच्या खिडकीतून आजोबांना काय दिसायचं याबद्दल घरात काही बोलले होते का? मागून पंखाची मागची कड आणि इंजिनाची धुराडी दिसतात, म्हणून विचारतो.

वळचण, रविवार, रात्री ९:५०

इंजिनघर काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि ती एकदम गप्प झाली.

मग म्हणाली, बाबा परत आल्यावर आम्हा भावंडांना सांगायचे की रात्री दिवे मालवले की इंजिनातून निळी जीभ बाहेर येते, आणि ती रात्रभर तशीच असते. आम्ही हसायचो. विमानाला आग लागलेली असताना माणसं झोपतील का, असं मोठा मामा म्हणायचा. पुढे पुढे बाबांनी ते सांगणंच सोडून दिलं.

काका, असं काही खरंच दिसायचं का?

इंजिनघर, रविवार, रात्री १०:२०

दिसायचं! शंभर टक्के दिसायचं. दिवसाही ज्योत असतेच, पण उजेडात कळत नाही. रात्री धुराड्याच्या तोंडाशी स्वच्छ दिसते. उड्डाणाच्या वेळी इंजिनाला पेट्रोल जास्त पाजतात, तेव्हा लांबलचक नारिंगी ज्वाळा निघतात, नवखा प्रवासी घाबरून घंटा वाजवायचा. वर गेल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ केलं की ज्योत आखूड होते आणि रंग निळा पडतो. फ्लाइट इंजिनिअर रात्री खिडकीतून त्या रंगावरून मिश्रण बरोबर आहे की नाही ते बघायचे. निळी आणि स्थिर म्हणजे इंजिन खुशीत. डकोटाचं इंजिन रात्री जमिनीवर चालवून बघताना मी स्वतः कितीदा पाहिलीय.

आईंना सांगा, शेवटच्या रांगेतून ती सगळ्यात चांगली दिसत असणार.

वळचण, रविवार, रात्री १०:४५

सांगितलं, काका. तिनं कार्ड मागून घेतलं, दिव्याखाली धरलं, पुन्हा एकदा सगळं वाचलं. मग मोठ्या मामाला फोन लावला. तो आता ऐंशीचा आहे, कमी ऐकू येतं, म्हणून ती ओरडूनच बोलत होती: "दादा, निळी जीभ खरी होती! बाबा खरं सांगत होते!"